पहिला डोस इथंच

‘केमो म्हटल्यावर ताप येणारच. औषध लागू पडतंय म्हणायचं.’ कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हे कुणी ना कुणी ऐकवतंच. शेजारी, मावश्या, आत्या, कधी कधी तर डॉक्टरसुद्धा. धीर देण्यासाठीच म्हणतात बिचारे. पण या मुलांच्या बाबतीत यापेक्षा घातक धीर मला तरी माहीत नाही.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर उठतात. त्यात कॅन्सरच्या पेशी जातात, तशा अस्थिमज्जेत रोज नव्यानं तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही जातात. डोसानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत या पेशींचा काउंट तळाला जातो आणि मग आपसूक वर येतो. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. काउंट पडलेला असताना आलेला ताप मात्र ठरल्याप्रमाणे नसतो. ती आणीबाणी असते, आणि तिचा हिशेब तासांत करायचा असतो.

हे आज सुचलेलं शहाणपण नाही. १९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांचे काउंट आणि त्यांना झालेले जंतुसंसर्ग एकमेकांशी ताडून पाहिले. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हजाराच्या खाली गेले की धोका वाढतो, पाचशेखाली अधिक, शंभराखाली सर्वांत जास्त. आणि काउंट जितका काळ खाली, तितका धोका मोठा. तोवर डॉक्टर रक्ताच्या कल्चरची वाट पाहत, आणि स्यूडोमोनाससारखा जंतू रक्तात शिरलेला रुग्ण रिपोर्ट हाती येण्याआधीच दगावे. १९७१ मध्ये शिंफ यांच्या गटानं वाट पाहणं सोडलं. ताप दिसताच शिरेतून दोन अँटिबायोटिक्स सुरू केली, आणि रुग्ण वाचू लागले. आजची सगळी पद्धत त्या पायावर उभी आहे.

आता ‘पेशी बऱ्या आहेत की!’ हा युक्तिवाद. प्लास्टिकच्या फाइलमधला सीबीसीचा कागद काढून पाहा. वर एकूण पांढऱ्या पेशी १८००. घरच्यांना हायसं वाटतं, कारण मागच्या वेळी ९०० होत्या. पण चार ओळी खाली न्यूट्रोफिल लिहिलेत १५ टक्के. अठराशेचे पंधरा टक्के म्हणजे २७०. जंतूंशी पहिली झुंज घेणाऱ्या पेशी एवढ्याच. बाकीच्या बहुतेक लिम्फोसाइट. काही लॅब हा गुणाकार करून देतात, काही देत नाहीत. प्रत्येक आईवडिलांना तो करता आला पाहिजे, आणि तो शिकवणं हे उपचार करणाऱ्यांचं काम आहे.

‘कुठं काही दिसत तर नाही,’ असंही म्हणतात. घसा लाल नाही, पू नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. अहो, पू ज्या पेशींचा बनतो त्याच नाहीत! रखवालदारच नसलेल्या वाड्यात चोर शिरला तर आरडाओरडा करणार कोण? शिरेतून औषध देण्यासाठी बसवलेल्या पोर्टच्या जागी जेमतेम गुलाबी छटा, गुदद्वाराशी शी करताना होणारी आग, तोंडातला एखादा पांढुरका व्रण, एवढाच पुरावा मिळतो. पुष्कळदा तोही नसतो, नुसता ताप असतो. आणि कधी ताप नसतो, पण पोर मलूल, हातपाय गार. तेही तितकंच गंभीर समजायचं.

पुष्कळदा ताप हीच एकुलती खूण, म्हणून पॅरासिटामॉलचा मुद्दा. रात्री गोळी दिली, घाम फुटला, अंग गार लागलं, पोर झोपलं. ‘उतरला, आता सकाळी बघू.’ गोळीनं आकडा उतरला. रक्तातला जंतू तिथंच आहे आणि त्याला आख्खी रात्र मिळाली. आधी मोजायचं. तेही कपाळाला हात लावून नव्हे. काखेत थर्मामीटर धरून, आणि काखेतला आकडा थोडा कमीच येतो हे धरून. गुदद्वारातून कधीच मोजायचं नाही. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसला की घड्याळ सुरू. गोळी द्यायची की नाही ते उपचार चालू असलेल्या केंद्रातल्या डॉक्टरला फोन करून.

मग येतात पेशी वाढवणारे. पपईच्या पानांचा रस, गव्हांकुरांचा रस, गुळवेलीचा काढा, हल्ली ड्रॅगन फ्रूट. पपईचं पान डेंग्यूच्या साथीतून इकडं आलं. तिथंही चर्चा प्लेटलेटची होती, न्यूट्रोफिलची नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि केमोच्या मुलाचं यकृत आधीच औषधांच्या ओझ्याखाली असतं. काउंट वाढवणारं खरं इंजेक्शन आहे, काही उपचारक्रमांत ते योग्य वेळी देतातही. पण आलेल्या तापावरचा तो उपाय नव्हे.

यांच्या शेजारीच बसतात सोवळं पाळणारे. मुलाला खोलीत कोंडा, फळ बंद, सगळं उकडून द्या. आणि ताप आला की आईला प्रश्न: ‘कुणाच्या हातचं खायला घातलंस?’ या प्रश्नाची मला चीड आहे. न्यूट्रोपेनियाचं, म्हणजे न्यूट्रोफिल पडलेल्या काळातलं, कडक पथ्य आणि साधी अन्नस्वच्छता यांची दीडशे मुलांवर केलेली तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. संसर्गाचं प्रमाण एका गटात ३५ टक्के, दुसऱ्यात ३३. म्हणजे फरक नाही. बरेचसे जंतू येतात ते मुलाच्या स्वतःच्याच आतड्यातून, केमोनं सोललेल्या अस्तरातून, तोंडातून, कातडीवरून. हात धुवा, फळ धुऊन सोलून द्या, कांजिण्या झालेल्या पोराला लांब ठेवा. एवढं करूनही ताप येतो, आणि त्यात आईचा काडीचाही दोष नसतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. अशा बहुतेक तापांत रक्तात जंतू सापडतच नाही. मग दर वेळी भारी अँटिबायोटिक कशाला? आपल्या रुग्णालयांत औषधांना न जुमानणारे क्लेबसिएला, ई. कोलाय माजलेत, ते याच सवयीनं. खरं आहे. पण कोणता ताप फुसका आणि कोणता जीवघेणा, हे पहिल्या तासात कुणालाच सांगता येत नाही. लवकर सुरू करण्यावर हात आखडण्यापेक्षा वेळेवर थांबवण्याची शिस्त लावा. ४८ तासांत कल्चर कोरं, ताप दिवसभर नाही, काउंट वर यायला लागलाय, तर औषध बंद करायला मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. ‘असू दे अजून चार दिवस’ हा जो आपला लाडका स्वभाव आहे, प्रतिकार तिथं पोसला जातो.

उरतं ते अंतर. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारं पोर दोन डोसांच्या मध्ये गडचिरोलीत नाही तर नंदुरबारात असतं. तालुक्याच्या दवाखान्यात फाइल पाहूनच उत्तर मिळतं, ‘टाटाचा पेशंट आहे, आम्ही हात लावणार नाही. मुंबईला न्या.’ पुढे बारा-चौदा तासांचा प्रवास, हातात पॅरासिटामॉलची बाटली. हे रेफर करणं मला तरी अंग काढून घेणंच वाटतं. इथं केमो द्या असं कुणी म्हणत नाही. सलाईन लावा, जमल्यास कल्चर घ्या, पण त्यासाठी अडून बसू नका, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून तासाभरात जाऊ द्या. मग खुशाल १०८ची रुग्णवाहिका बोलवा. कुल्ल्यावर इंजेक्शन नको. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम असेल तर उत्तम, नसेल तर केंद्राला फोन करून हाताशी असलेलं. केंद्रांनीही प्रत्येक मुलाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि इंग्रजीत चार ओळींचं पत्र लावावं: ताप, औषध, वजनानुसार डोस, रात्री उचलला जाणारा नंबर.

‘आणि डोस दिल्यावर काउंट चांगला निघाला तर?’ तर एक डोस वाया गेला. दुसरा द्यायचा नाही.