एक गोणपाट, शंभर दाणे

पाडव्यास सालगडी ठरवितांना आपण मनाशीं मोठमोठे संकल्प करितों: यंदा कर्ज फेडूं, उत्पन्न दुप्पट करूं. मृग लागेपर्यंत त्यांतील एकही आठवत नाहीं. कारण त्यांचा निम्मा भाग पावसाच्या व बाजाराच्या हातीं असतो. आमचें मत असें कीं, संकल्प लहान असावा, पण सर्वस्वी आपल्या हातचा असावा.

सोयाबीन पेरणारानें वैशाखांत एवढेंच ठरवावें कीं, घरच्या बियाण्याची उगवण पाहिल्यावांचून तिफणीस हात लावावयाचा नाहीं. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावे, गुंडाळी सावलींत ओली राखावी व आठवड्यानें सशक्त कोंब मोजावे. ७० निघाले तर एकरीं ३० किलो बीं पुरतें. ६० च निघाले तर ३५ किलो घ्यावें. त्याहून फार कमी भरल्यास बीं बदलावयास अद्याप अवकाश असतो. या दाण्याचें साल फार नाजूक. मळणीयंत्राचा मार त्यास सोसत नाहीं, आणि टपोरा दिसणारा दाणाही आंतून मेलेला निघतो.

एका सालीं एवढ्याशा आळसापायीं आम्हांस दुबार पेरणी करावी लागली. गोणपाट घरांतच होतें.