लोणारचे दोन रस्ते

दिवाळीच्या सुटीत भाच्याला मोटारसायकलने लोणारचे सरोवर पाहायला जायचे होते. "मामू, रिसोडवरून जाऊ की मेहकरवरून?"

शिरपूरहून रिसोडची वाट शेताशेतांतून जाते. दुसरी वाट मालेगाव गाठून डोणगाव, मेहकर, सुलतानपूरवरून. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला आहे, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही.

मी म्हणालो, "जाताना रिसोड, येताना मेहकर."

त्यामागे कारण आहे. एकदा मगरिबनंतर मी हौसेने शेतरस्त्यानेच परतत होतो. मागे लाल दिवा नसलेली सोयाबीनची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेक लागला, अल्लाहचे लाख शुक्र. मागे बेगम बसली होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

सकाळी हाच रस्ता सुंदर असतो. डांबरावर वाळत घातलेले सोयाबीन दिसते, गुरे दिसतात, वेळीच वेग कमी करता येतो. अंधारात यातले काही दिसत नाही. महामार्गावर ट्रक असतात, पण रुंदी असते, ढाबे आणि पंक्चरवाला असतो. तरीही मगरिबपूर्वी घर गाठावे.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण. आपली दोरी म्हणजे हेल्मेटचा पट्टा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट लागते.

भाचा अजानच्या आधी परतला. आपा असरपासून दारातच उभ्या होत्या.