रहस्यकथेचा वाचक आणि पंचाची सही

घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. तेवढ्या अवकाशात खुनी कोण हे वाचून काढणारा प्रवासी एके काळी या मार्गावर अपरिचित नव्हता. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे घरोघर पोचली. गुरुनाथ नाईक यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासला महाविद्यालयीन तरुणांनी डोक्यावर घेतले. शिष्ट समीक्षेने मात्र या साऱ्यांना ओसरीवरच बसविले.

आता ते सोवळे सैल झाले आहे. अनुवादांतून आणि ध्वनिपुस्तकांतून गूढ मृत्यूंच्या कथा नव्या वाचकापर्यंत जात आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह असली तरी एक उणीव डोळ्यांआड करता येत नाही. धक्का देण्याच्या हव्यासापायी पुराव्याची साखळी अनेकदा तुटते आणि अखेरीस एखादा माथेफिरू पुढे करून लेखक मोकळा होतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या नियमांचे मर्म नेमके उलटे होते: योगायोगाने गुप्तहेराची सुटका होऊ नये आणि त्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० मधील पहिल्या कादंबरीतील विषप्रयोगामागे पहिल्या महायुद्धाच्या काळात रुग्णालयाच्या औषधालयात मिळविलेले ज्ञान होते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. लोहमार्गालगत, धबधब्याखाली किंवा उल्हास-पाताळगंगेच्या पात्रात मृतदेह सापडला की पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. ती तपासाची सुरुवात असते. लोक मात्र तिलाच निकाल समजतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृतदेहाची पाहणी करून जखमा, व्रण आणि मृत्यूचे दर्शनी कारण लिहावे लागते. हे प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण? बहुधा गावातील शिक्षक, कारकून, दुकानदार. रात्री रहस्यकथा वाचणारे हेच लोक. कादंबरीत बंद खोलीतील घड्याळाच्या वेळेवरून वाद घालणारा वाचक प्रत्यक्ष पंचनाम्यावर मात्र न वाचताच सही करतो. मृत व्यक्ती ठाकूर-कातकरी वाडीवरची, वीटभट्टीवरची किंवा नुकतीच सासरी आलेली असेल, तर विचारणाराही कोणी उरत नाही.

रहस्यकथेतील मृत माणूस सहसा धनाढ्य असतो आणि त्याच्या मरणाचा हिशेब अखेरच्या पानापर्यंत चुकता होतो. तोच हिशेब मराठी लेखकाने भोर घाटाच्या पायथ्याशी आणून मांडावा. मात्र लेखकाची वाट न पाहता वाचकाला एक गोष्ट आजच करता येईल. पंच म्हणून बोलावणे आले, तर कागद पूर्ण वाचावा, जे दिसले ते लिहून घेण्याचा आग्रह धरावा आणि मगच सही करावी. रहस्यकथेने एवढे शिकविले, तरी तिला ओसरीवरून माजघरात घेण्यास कोणाची हरकत असू नये.