वेळ बघून चहा



आपल्या घरात दाराशी चप्पल वाजली की आतून आवाज येतो, "बसा, चहा टाकते." पाहुणा आला चहा, डोके दुखले चहा, पोरगी पास झाली चहा. कुणी गेले तरी शेजारून किटली येते ती चहाचीच. त्या किटलीत साखर थोडी जास्त घालावी आणि "घेणार का?" असे न विचारता कप हातात द्यावा. दुःखातला माणूस नाहीच म्हणतो.

चहाला एवढा मान का, हे आम्हांला आजीकडून कळले. तिच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे, बाहेर कोनाड्यात पालथी घातलेली. ती आपणच उचलायची, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि आपणच विसळून परत ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. मुंबईला आल्यावर आजीने पहिल्या शिलकीतून सहा कपबश्या घेतल्या, निळ्या काठाच्या. पोस्टमन येवो, भंगारवाला येवो की साहेब, कप त्यातलाच. म्हणून चहा सोडा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. फक्त वेळ बघा, एवढेच म्हणणे आहे.

वेळ चुकली की काय होते ते आमच्या वहिनीने भोगले. सकाळी चहा-चपाती, दुपारी हात धुतले न धुतले तोच पुन्हा चहा. तीन जिने चढले की धाप, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात! गोळ्या लिहून दिल्या, दोन महिन्यांनी आकडा जागचा हलला नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" वहिनी म्हणाली, "चहाबरोबर." बाईंनी कपाळाला हात लावला.

चहातले टॅनिन अन्नातले आणि गोळीतले लोह धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. बाजरी, डाळ, पालेभाजी सारे खाऊनही मग त्याचा पुरता उपयोग होत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर हवे. लिंबाचे उलट आहे. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगले लागते. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर पेलाभर लिंबूपाणी घ्या, गोळीही त्याच्याबरोबरच. पोरांना शाळेआधी बशीभर चहा पाजून पाठवता, तेही बंद करा. भूक मरते.

"मग सकाळी प्यायचे काय?" नाचणीची आंबील! रात्री दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात भिजवून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ढवळत ओता आणि पाच-सात मिनिटे शिजवा. कोमट झाल्यावर मीठ, ठेचलेला लसूण आणि ताक. गरमागरम असताना ताक घातले तर फाटते. ही पोटात गेली की दुपारपर्यंत भुकेची तक्रार नाही.

रातपाळीला निघालेल्याला कडक चहा जरूर द्या. पण सकाळी परतल्यावर त्याला चहा दिला की तो माणूस दिवसभर टक्क जागा, आणि घरात सगळ्यांवर खेकसणार. त्याला आंबील द्या आणि टीव्हीचा आवाज बंद करा.

पावसात भिजून आलेल्याला कोरा चहा. तो आमच्याकडे हौसेने आला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आधी दूध बंद झाले, मग साखर. आई आले आणि गवती चहाची पात उकळायची, पुडीची चिमूट टाकायची आणि वरून गुळाचा खडा. आम्हां पोरांना तो आवडला, अजूनही आवडतो. वडिलांनी मात्र संपाच्या दिवसांनंतर त्याला कधी तोंड लावले नाही.

१४ एप्रिलला उन्हात लेझीम खेळून पोरे घामाघूम होतात. मंडळांना विनंती, त्यांच्या हातात रंगीत बाटल्या देण्यापेक्षा पन्हे द्या. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ आणि मीठ. मिठात हात आखडू नका, घामातून तेच जाते. बर्फ खाण्याचा आहे की मासळीवर टाकण्याचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा माठ बरा.

वहिनीचे हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे. चहा तिने सोडलेला नाही. आजीच्या सहा कपांपैकी दोन उरलेत. सकाळी साडेदहाला त्यातल्या एकात ती चहा घेते, बसून; पातेल्याच्या तळाशी उरलेला नव्हे, स्वतःसाठी ताजा टाकलेला. तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही, असे घरात ठरले आहे.