मिटती फळी आणि उघडे हात

मूठभर गहू तळहातावर घ्यावा, दोन दाणे दाताखाली फोडावेत आणि ओलावा किती, भेसळ किती हे सांगावे, अशी हातांची पारख असलेली माणसे आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत पूर्वी पुष्कळ होती. आज नमुन्याचे छायाचित्र मोबाईलवर येते, सौदाही तेथेच ठरतो आणि वजन विजेच्या काट्यावर होते. याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु आपल्या मुलांचे हात त्यामुळे निरुद्योगी होत आहेत, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. उद्यमबागेतील ओतकामाने व यंत्रकामाने ज्या गावाचे नाव दूरवर गेले, तेथील व्यापाऱ्याच्या मुलास साधा स्क्रू पिळता येऊ नये, हे भूषणावह नव्हे.

हातकाम हे कमीपणाचे, ही समजूत आपल्या परंपरेतील नाही. भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या षट्कर्मांत वाणिज्याच्या शेजारीच शिल्प आहे. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहाव्या इयत्तेपासून व्यवसायाची ओळख करून देण्यास सांगितले आहे. परंतु शाळेने करावे म्हणून घराने थांबावे काय?

"जागा कोठे आहे?" असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्याच बाजारात होते. जुन्या पेठांत दुकानापुढील फळी दिवसा खाली टाकीत व रात्री उचलून लावीत. तीच युक्ती घरात करावी. भिंतीला जोडलेली चार फूट लांब व वीस इंच रुंद फळी काम संपताच खाली मिटली, म्हणजे ती भिंतीपासून जेमतेम चार इंच जागा घेते.

रचना सोपी आहे. दोन इंच जाडीची सागवानी पट्टी भिंतीस बोल्टांनी आवळावी. तिच्या व फळीच्या खालच्या अंगास लांब पियानो बिजागरी बसवावी. बिजागरी वरच्या अंगास बसविली तर फळी खाली मिटणार नाही. फळीसाठी पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर सरसाने चिकटवावेत. पट्टीखाली दाराप्रमाणे फिरणारे दोन त्रिकोणी आधार भिंतीस लावावेत. फळीचा भार बिजागरीवर नव्हे, या आधारांवर पडला पाहिजे. आधार सोळा इंचांचे असून आत मिटणार असतील, तर त्यांच्या बिजागरींत बत्तीस इंचांहून अधिक अंतर हवे, नाहीतर ते एकमेकांस अडतील. त्यांची जाडी दीड इंचाहून अधिक नसावी, म्हणजे मिटलेली फळी त्यांच्यावर सरळ लोंबेल. उघडलेला आधार धक्क्याने सरकू नये म्हणून फळीखाली लाकडी अडसर ठोकावा. भिंत मातीच्या सांध्याची असेल, तर बोल्टांवर विसंबू नये. दोन उभ्या खांबपट्ट्या जमिनीपर्यंत नेऊन सर्व जोडणी त्यांवर करावी.

उभे राहून हात सैल सोडले असता मनगट जेथे येते, तेवढी फळीची उंची असावी. लहान मुलांस पायांखाली भक्कम पाट द्यावा. करवत, पटाशी व रंधा कुलपात असावेत आणि वडीलधारे माणूस जवळ असावे.

"सुतार बोलावला की काम होते, मग हा उपद्व्याप कशाला?" असे काही बंधू म्हणतील. सुतार अवश्य बोलवावा. पहिली फळी त्याच्याच देखरेखीखाली करावी. परंतु ज्या मुलाने स्वतः एक फळी रंधून सपाट केली, तो पुढे कारागिराच्या मजुरीत क्षुद्र घासाघीस करणार नाही. मालाची किंमत आपण मुलांस शिकवितो. श्रमाची किंमत त्यांनी कोठे शिकावी? आणि हे शिक्षण मुलांइतकेच मुलींनाही मिळावे. बिघडलेले स्टूल दुरुस्त करण्यास मुलगा-मुलगी असा भेद लागत नाही.

माझी संघास विनंती आहे की, येत्या सुटीत सभागृहात एखाद्या जाणत्या सुताराचे दोन दिवसांचे शिबिर भरवावे, त्याला योग्य मानधन द्यावे, आणि प्रत्येक कुटुंबातून निदान एक मूल पाठवावे. दोन दिवसांत कोणी कारागीर होत नाही, हे खरे. परंतु आपल्या हातांनी वस्तू घडते, एवढा विश्वास घेऊन मूल घरी परतले, तरी खर्च वसूल झाला असे समजावे.