माती तहानली की वाजणारी पेटी

गंगाखेडला बहिणीकडे गेलो की सकाळी गोदाकाठी फेरी मारायची आणि दुपारी भाच्याचे उद्योग पाहायचे, हा माझा ठरलेला कार्यक्रम. भाचा नववीत आहे. या खेपेला त्याने परसातल्या वांग्याच्या वाफ्यात एक काळी पट्टी रोवली होती. पट्टीच्या तीन तारा ओट्यावरच्या डब्यात शिरल्या होत्या. माती सुकली की डबा वाजणार, मग पाणी द्यायचे. उन्हाळ्यात त्यांच्या बोअरला तासभरच पाणी टिकते. घरचे पिणे, दोन बैल, एक म्हैस आणि ही वांगी, सारे त्या तासात भागवायचे. तेव्हा खेळ असला तरी पोराने जागा नेमकी गरजेची शोधली होती.

दुपारी डबा वाजला. भाचा पाइप घेऊन धावला. पण आजी आधीच वाफ्यात खुरपे घेऊन बसलेली. तिने वीतभर खोलीची मूठभर माती काढून दाबली. छान गोळा झाला.

"लेकरा, तुझी पेटी खोटं बोलती. माती तर ओली हाय."

भाच्याचे तोंड उतरले. आम्ही वाकून पाहिले, तर आपल्या काळ्या मातीला भेग पडून पट्टी त्या भेगेत उघडी पडली होती. पेटी मातीचे नव्हे, हवेचे मोजमाप सांगत होती!

वाचकहो, ही पेटी आपल्याही मुलांना करता येईल. तिच्या पोटात अर्डुइनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड असतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावे म्हणून तो तयार झाला. तिथल्या एका जुन्या राजाचे नाव गावातल्या मद्यगृहाला होते, तेच पुढे बोर्डाला मिळाले. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे, म्हणून तसेच बोर्ड इतरही कारखाने करतात. असा साधा बोर्ड, पट्टी, छोटा भोंगा आणि तारा मिळून हजार रुपयांच्या आत काम होते.

पट्टी घेताना दोन उघड्या काट्यांची घेऊ नका. ओल्या मातीत वीज वाहून ते काटे गंजतात. एकसंध काळी पट्टी येते, ती घ्या. तिला कपॅसिटिव्ह म्हणतात. तिच्यावर रेघ असते, तिथपर्यंतच ती मातीत जावी. वरच्या भागातल्या बारीक जोडण्यांना नखपॉलिशचे दोन हात द्या, म्हणजे पाणी शिरणार नाही.

आता जोडणी. पट्टीची एक तार बोर्डाच्या ५ व्होल्टच्या भोकात, दुसरी जीएनडी लिहिलेल्या भोकात आणि तिसरी ए-० मध्ये. भोंग्याची अधिक खूण असलेली तार ८ क्रमांकाला, दुसरी जीएनडीला. बोर्डाला वीज मोबाइलच्या चार्जरमधून द्यावी.

बोर्डाला काय करायचे ते संगणकावरून एकदाच शिकवावे लागते. त्याची प्रणाली फुकट मिळते. घरी संगणक नसेल तर शाळेत विचारा. २०१६ पासून काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत, तिथे असे बोर्ड असतात. शिकवायचे एवढेच: पट्टीचा आकडा वाच, तो ठरवलेल्या आकड्याहून मोठा असेल तर दोन सेकंद भोंगा वाजव, दहा मिनिटे थांब, पुन्हा वाच. या पट्टीचा आकडा माती सुकेल तसा वाढतो.

तो ठरवलेला आकडा मात्र कुणाकडून उसना घेऊ नये. आपल्याच शेतातली माती दोन कुंड्यांत भरा. एक उन्हात वाळवा. दुसरी भिजवून रात्रभर निथळू द्या. दोन्हींत पट्टी रोवून आकडे वहीत लिहा. मधला आकडा घेऊन सुरुवात करा आणि रोज आजीच्या मुठीशी ताडून थोडा इकडेतिकडे सरकवा.

भेगेचा उपाय आम्ही तिघांनी मिळून काढला. आधी खड्डा करून त्यात पातळ चिखल ओतायचा, मग पट्टी बसवून भोवती माती घट्ट दाबायची. शिवाय दुसरी पट्टी हातभर अंतरावर रोवून ए-१ ला जोडायची. दोघींचे एकमत झाले तरच भोंगा वाजेल. पंचाची साक्ष घेतल्यासारखे!

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकावे याच विचाराने. तिथे २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅबही उभी राहिली. खेड्यातल्या मुलाने यंत्र नुसते वापरू नये, ते घडवावे, बिघडले तर उघडून पाहावे, ही त्यामागची दृष्टी. आमच्या ओट्यावर त्या दिवशी दुसरे काय झाले?

एक बजावून सांगतो. ही पेटी ५ व्होल्टची आहे, शॉक लागायची भीती नाही. पण मोटारीच्या स्टार्टरला ती मुलांनी कदापि जोडू नये. ते काम जाणत्या वायरमनचे. पेटीने फक्त हाक मारावी, बटण माणसाने दाबावे.

मी निघालो तेव्हा दोन पट्ट्यांची पेटी गप्प होती. आजीने तरी माती दाबून पाहिलीच.

"आज खरं बोलती," ती म्हणाली, आणि त्या तासाचे पाणी म्हशीच्या हौदात सोडले.