आधी परिचारिकेला शिकवा, मग यंत्रे घ्या



लागण, खोडवा, बेणेमळा सोडून शेतकी खात्याचा माणूस दवाखान्यात कुठे शिरला, असे आपणास वाटेल. पण विषय आपल्याच घरचा आहे. कार्यक्षेत्रात फिरताना वस्तीवर एक अंग लुळे पडलेला कर्ता माणूस खाटेवर पडलेला दिसतो. आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. शिवाय आपली मुले, सुना, जावई नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आहेत आणि म्हातारी माणसे महिना-पंधरा दिवस तिकडे जाऊन राहतात. म्हणजे हे दुखणे गावात गाठेल की डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, याचा नेम नाही.

पक्षाघात म्हणजे वारे नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. गुठळीचे रोगी जास्त असतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचा सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. वाहिनी फुटलेल्या रोग्याला ते दिले तर जिवावर बेतते. मोठी वाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी काढतात. काही निवडक रोग्यांना हा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो. तोपर्यंत मात्र दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब आहे.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो, हे आपणास सांगायला नको. म्हणून तर आपण २४ तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा यासाठी धडपडतो. तेथे तासांचा हिशेब, येथे मिनिटांचा. आणि कारखान्याचे यंत्र कितीही भारी असले तरी चिटबॉयने तोडीची नोंद चुकवली की सारा कार्यक्रम कोलमडतो. दवाखान्यात ही पहिली नोंद परिचारिकेच्या हातात असते.

रोगी दारात आला की ती आधी भेटते. माणूस धडधाकट असा शेवटचा कधी दिसला होता, ही वेळ तिनेच विचारून लिहायची. रक्तातील साखर लगेच बघायची, कारण साखर फार उतरली तरी माणूस पक्षाघातासारखा दिसतो. रक्तदाब मोजायचा. तो १८५/११० च्या वर असेल तर खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. डॉक्टरला हाक मारून स्कॅनची तयारी करायची. आणि गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय चहा, पाणी, गोळी काहीच तोंडात जाऊ द्यायचे नाही. नातेवाईक मायेपोटी चमचाभर पाणी पाजतात, ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात १९ पक्षाघात कक्षांत याची परीक्षा झाली. ताप, साखर आणि गिळणे या तीनच गोष्टी पहिले ७२ तास काटेकोर सांभाळायला काही कक्षांतील परिचारिकांना शिकवले. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रोग्यांचे प्रमाण इतर कक्षांत ५८ टक्के, तर शिकवलेल्या कक्षांत ४२ टक्के होते. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही.

आता ठाणे-कल्याणकडे बघा. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि शिवाय खाजगी दवाखाने. कल्याणहून मुंबईचे सीएसएमटी रेल्वेने ५० किलोमीटरच्या पुढे आहे आणि रस्त्याने निघालात तर शीळफाट्याची कोंडी ठरलेली. 'मुंबईला हलवा' म्हणण्यातच साडेचार तासांतले दोन जातात. म्हणून पहिल्या दारातली परिचारिका जाणती हवी. तिला रोगी लगेच ओळखता आला, तर कुठे पाठवायचे आणि पुढे काय कळवायचे हे पाच मिनिटांत ठरते.

काही सभासद म्हणतात, कारखान्याने एखादी रुग्णवाहिका किंवा यंत्र घ्यावे. भावना चांगली आहे. पण १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, आणि यंत्र चालवणारा माणूस नसेल तर त्यावर धूळ बसते. दुसरे म्हणतात, परिचारिका शिकून शहरात निघून जातात, खर्च वाया. कशाने वाया? आपल्याच लेकी तिकडे रुग्णालयांत रात्रपाळी करतात आणि आपलीच माणसे तिथे दाखल होतात. मात्र एक खरे, शिक्षण एकदाच देऊन भागत नाही. माणसे बदलतात, म्हणून ते दर वर्षी, तिन्ही पाळ्यांना द्यावे लागते.

माझी सूचना अशी. तालुक्याच्या रुग्णालयांतील परिचारिकांसाठी दर वर्षी गळीत हंगामापूर्वी शिक्षणवर्ग भरवावा आणि त्याचा खर्च कारखान्याने सभासद कल्याणाच्या तरतुदीतून करावा. ठाणे-कल्याणच्या महापालिकांनीही आपल्या परिचारिकांसाठी असे वर्ग नेमाने घ्यावेत, अशी मागणी तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी नगरसेवकांकडे लावून धरावी.

आणि घरी एवढे पाठ करा. तोंड वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे जड झाले, की घड्याळ बघा आणि १०८ फिरवा. देवऋषी नको, कबुतराचे रक्त नको, घरच्या गोळ्या नकोत. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार व्हावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी